बागेची रजा

इंग्रजी भाषेतील काही शब्दांना एक प्रकारचा गोडवा असतो आणि त्या गोडव्यापोटीच ते फसवे ठरतात. 'गार्डन लीव्ह' हा तसाच एक शब्द. कानावर पडताच हिरवळ, झारी, आरामखुर्ची असे काहीसे डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ निराळा. ज्याने राजीनामा दिला आहे, किंवा ज्याला मालकानेच निरोप दिला आहे, अशा नोकरदाराला नोटिशीचा काळ संपेपर्यंत कामावर येऊ द्यावयाचे नाही. त्याचा पगार मात्र चालू ठेवावयाचा. आणि पगार चालू आहे म्हणजे तो अजून आपलाच नोकर आहे, या न्यायाने त्याला दुसरीकडेही काम करू द्यावयाचे नाही. नोकरी आहे, काम नाही. घरी बसा, बागेत लक्ष घाला. मराठीत याला अजून रुळलेला शब्द नाही. आम्ही आपले 'बागेची रजा' म्हणतो.

घरामागे बाग असणाऱ्या लोकांच्या देशात हा शब्द जन्मला हे उघड आहे. आमच्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात एक किंवा दोन खोल्यांत राहतात. त्यांची बाग म्हणजे खिडकीच्या लोखंडी जाळीत ठेवलेले तेलाचे कापलेले डबे. त्यांत एक कोरफड, थोडा गवती चहा आणि ज्यांची हौस मोठी त्यांच्याकडे गुलाबाचे एक रोप. तीन महिन्यांची रजा घालविण्याइतके काम त्यात निघत नाही.

या भागातील जुन्या पिढीला 'नोटीस' हा शब्द वेगळ्याच अर्थाने ठाऊक होता. विम्कोच्या काडेपेटीच्या कारखान्यात किंवा अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांत हयात घातलेले जे वृद्ध आज आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर गप्पा मारीत बसतात, त्यांच्या लेखी नोटीस म्हणजे फाटकावर चिकटवलेला कागद. तो वाचावयास एकजण पुढे होई आणि बाकीचे त्याच्या चेहऱ्याकडे बघत. ती नोटीस सर्वांना एकदम मिळे. दुःख असे, पण ते वाटून घेता येई. आताची नोटीस एकट्याच्या नावाने येते आणि तिच्याबरोबर अनेकदा पगारही येतो. पूर्ण पगार मिळत असताना तक्रार कसली करावयाची, हे त्या माणसालाच नीट सांगता येत नाही. आमच्या लेखाचा विषय ही न सांगता येणारी तक्रार आहे.

२०२४ च्या उपवासकाळात, एका शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर एक गृहस्थ आमच्या कचेरीत आले. वय चाळिशीच्या आत. राहावयास बदलापूरला, नोकरी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात. तेथील गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख. सेवा अकरा वर्षे चार महिने. पत्नी उल्हासनगरच्या एका इस्पितळात परिचारिका. तळोज्याच्या एका कारखान्यात अधिक पगाराची जागा मिळाली म्हणून त्यांनी राजीनामा दिला होता. नेमणूकपत्रात तीन महिन्यांची नोटीस होती आणि ते तीन महिने काम करून, हाताखालच्या मुलांना सर्व समजावून मग निघावयाचे, असा त्यांचा बेत होता. घडले ते असे की राजीनामा दिला त्याच दुपारी त्यांच्याकडून संगणक, कंपनीचा मोबाइल आणि ओळखपत्र काढून घेण्यात आले. सुरक्षारक्षक त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत आला. हातात एक पत्र होते. तीन महिने घरी थांबावे, वेतन नियमित जमा होईल, या काळात सवेतन अथवा विनावेतन असे कोणतेही अन्य काम करू नये.

"फादर, तो रक्षक मला रोज सकाळी सलाम करायचा," ते म्हणाले. "त्या दिवशी माझी पिशवी तपासताना त्याचे हात कापत होते."

त्यांचा प्रश्न मात्र भलताच निघाला. सुट्टीत, दहावीत जाणाऱ्या मुलांना चर्चच्या सभागृहात गणित शिकवावे असे त्यांच्या मनात होते. पत्रात तर विनावेतन कामही नको असे लिहिले होते. "शिकवले तर पगार अडवतील का हो, फादर?"

वाचकहो, सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्राचे पुष्कळ पाठ मिळाले. तीन महिने कोणाची मालमत्ता, हा प्रश्न त्यांत नव्हता. पण प्रश्न तोच होता. नोटिशीचा काळ कोणाचा? मालकाला दुसरा माणूस शोधण्यास वेळ मिळावा म्हणून तो असतो, हे खरे. नोकराला दुसरी भाकरी शोधण्यास वेळ मिळावा म्हणूनही तो असतो, हेही तितकेच खरे. दोघांसाठी राखलेला हा काळ एकाने पैसे देऊन विकत घेतला, तर दुसऱ्याचे त्यावर काय उरते?

आमच्या धर्मग्रामात कल्याण आणि ठाण्याच्या न्यायालयांत काम करणारे एक वकील आहेत. पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्यांना आम्ही थांबवून घेतले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की, हे गृहस्थ कायद्याच्या व्याख्येने 'कामगार' आहेत काय? पगाराने, शिक्षणाने, कामाने माणूस स्वतःला काय समजतो याला येथे महत्त्व नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात व्यवस्थापकीय काम करणारे कामगार गणले जात नसत, आणि दरमहा १०,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षकही नाहीत. कामगाराला वर्षभराच्या सलग सेवेनंतर कमी करावयाचे तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई, हे तो कायदा बजावून सांगे. प्रयोगशाळेच्या प्रमुखाला त्यातले काहीच लागू नाही. त्याचा कायदा म्हणजे त्याचे नेमणूकपत्र, आणि त्या पत्राच्या मागे १८७२ चा करार कायदा. ज्या माणसाला आपण 'साहेब' म्हणतो तो कायद्याच्या दृष्टीने यंत्रावरच्या माणसाहून अधिक उघडा असतो, ही गोष्ट आमच्या लोकांना अजून पटत नाही. बढतीचे पेढे वाटणाऱ्यांना तर मुळीच नाही.

मग वकील हसून म्हणाले, "फादर, या प्रश्नाचे मूळ शोधायला लांब जायला नको. ते आपल्या शहाडला आहे."

उल्हासनगरला लागून शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. न्यायालयाच्या निकालात त्याला कल्याणचा कारखाना म्हटले आहे. टायरच्या आत जो मजबूत दोरधागा घालतात, तो टायर कॉर्ड येथे तयार करावयाचा असे कंपनीने ठरविले आणि जानेवारी १९६१ मध्ये हॉलंड व पश्चिम जर्मनी येथील दोन कंपन्यांशी करार करून १,४०,००० जर्मन मार्कांना त्याचे तंत्र घेतले. तंत्र गुप्त राखावे आणि आपल्या नोकरांकडूनही तशी हमी लिहून घ्यावी, ही त्या परदेशी कंपन्यांची अट. मार्च १९६३ मध्ये गोलिकारी नावाचे एक गृहस्थ पाळी पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले आणि त्यांनी पाच वर्षांच्या करारावर सही केली. मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास उरलेल्या काळात दुसरीकडे तसले काम करावयाचे नाही, असे त्यात कलम होते. डिसेंबरपर्यंत त्यांना ते सारे तंत्र शिकविण्यात आले. ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी त्यांनी राजीनामा दिला. कंपनीने कळविले की राजीनामा मंजूर नाही, कामावर या. त्यांनी उलट कळविले की आपल्याला दुसरी नोकरी मिळाली आहे. ती राजस्थानात कोट्याला, टायर कॉर्डच्याच कारखान्यात, ५६० रुपये पगारावर होती.

खटला ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात सुरू झाला आणि उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १७ जानेवारी १९६७ रोजी न्या. शेलत यांनी निकाल दिला. करार कायद्याचे २७ वे कलम सांगते की कोणालाही त्याचा कायदेशीर पेशा, व्यापार वा धंदा करण्यापासून अडविणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. गोलिकारींनी त्याच कलमाचा आसरा घेतला होता. न्यायालयाने एक रेघ ओढली. नोकरीच्या मुदतीत नोकराने दुसऱ्या मालकाची चाकरी करू नये हे बंधन म्हणजे धंद्याला अडथळा नव्हे, मात्र ते जुलमी, अवाजवी किंवा एकतर्फी असता कामा नये. मुदत संपल्यानंतरच्या बंधनाची गोष्ट वेगळी. गोलिकारींना १५ मार्च १९६८ पर्यंत मनाई झाली, तीही टायर कॉर्डच्या पाळी पर्यवेक्षकाचे किंवा तत्सम काम करण्यापुरती.

या निकालातील एक बारीक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. या मनाईमुळे हा माणूस रिकामा बसेल काय, आणि पोटासाठी निरुपायाने जुन्या मालकाकडे परत जाईल काय, याचा विचार न्यायालयाने केला. तसे होणार नाही, त्याला इतर कामे मोकळी आहेत, असे दिसल्यावरच मनाई कायम झाली. म्हणजे कोणालाही हुकमाने रिकामे बसविणे हे न्यायाला नकोसे वाटते. साठ वर्षे होत आली तरी हा निकाल निवृत्त झालेला नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला, तेव्हाही शहाडच्या या खटल्याचा आधार घेतला गेला. मुरबाड रस्त्याने जाताना त्या कारखान्याच्या भिंतीकडे आम्ही आता निराळ्या नजरेने पाहतो.

शहाडच्या खटल्यात मनाई होती आणि पगार नव्हता. पगार देऊन घरी बसविण्याची युक्ती इंग्लंडातील न्यायालयांपुढे आली ती १९८६ च्या सुमारास. लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड' या सायंदैनिकाच्या निर्मिती व्यवस्थापकाने रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या नव्या प्रतिस्पर्धी पत्राकडे जाण्याचे ठरविले. त्याची नोटीस एक वर्षाची होती, त्याने दिली दोन महिन्यांची. न्यायालयाने त्याला प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यास मनाई केली, पण पगार देण्याची तयारी पत्राने दाखविली होती म्हणून. हे मालकांना मानवले. पुढे १९९८ मध्ये विल्यम हिल या पैजा घेणाऱ्या कंपनीच्या एका ज्येष्ठ नोकराच्या खटल्यात अपील न्यायालयाने लगाम खेचला. काही कामे अशी असतात की ती केली नाहीत तर माणसाचे कसब गंजते. अशा माणसाला काम करण्याचाही हक्क आहे, आणि करारात स्पष्ट कलम नसेल तर नुसता पगार हातावर ठेवून मालक त्याला घरी बसवू शकत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. २००८ च्या निकालसंग्रहात छापलेला तो निकाल व्हिसाच्या अर्जांचे काम करणाऱ्या एका कंपनीविषयी आहे. करारात 'गार्डन लीव्ह' हेच शब्द होते: नोकरी सुटल्यावर तीन महिने, तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम घेऊन, दुसरीकडे रुजू व्हावयाचे नाही. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी हे कलम प्रथमदर्शनी २७ व्या कलमाच्या आड येते असे ठरविले. पैसे दिले म्हणून बंधनाचे स्वरूप बदलत नाही. शहाडच्या निकालाने ओढलेली रेघ येथेही तीच आहे. नोकरी चालू असेतो बांधून ठेवता येते, संपल्यावर नाही.

आमच्या गृहस्थांची नोकरी मात्र चालू होती, निदान कागदावर. म्हणून वकिलांचा सल्ला भांडणाचा नव्हता. हिशेब चोख ठेवण्याचा होता. घरी बसविणे म्हणजे निलंबन नव्हे. चौकशी चालू असलेल्या निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस निम्मे वेतन व नंतर पाऊण निर्वाहभत्ता म्हणून मिळते, हे जुन्या कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. पण येथे ना आरोप आहे ना चौकशी. तेव्हा वेतन पूर्ण हवे, भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा हवा, आणि शिल्लक रजा या तीन महिन्यांत परस्पर खर्ची टाकता येणार नाही. सेवाही अखंड धरली पाहिजे. या शेवटच्या मुद्द्यात एक गंमत निघाली. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते आणि सहा महिन्यांहून अधिक असलेला उरला काळ पूर्ण वर्ष धरला जातो. अकरा वर्षे चार महिन्यांची अकराच वर्षे झाली असती. घरी बसण्याचे तीन महिने मिळविल्यावर ती बारा झाली. काहीही न केल्याबद्दल त्यांना एक वर्ष बक्षीस मिळाले.

गणिताच्या वर्गाबद्दल त्यांनी कंपनीला पत्र लिहिले आणि पोच घेतली. नवव्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले: हरकत नाही. मे महिन्याच्या उन्हात सभागृहात चौदा मुले बसत. पण त्याआधीच्या आठवड्यांत त्यांच्या घरी जे चालले होते ते कोणत्याही हिशेबात मावणारे नव्हते. आपल्या वस्तीत कामाच्या दिवशी सकाळी दहाला घरात दिसणारा पुरुष एक तर आजारी असतो किंवा काढून टाकलेला. "जावईबापूंची प्रकृती बरी नाही का?" असे सासूबाईंनी मुलीला तीनदा विचारले. शेजारच्या इमारतीत कोणी म्हणाले की काहीतरी हिशेबाचे प्रकरण आहे म्हणे, रक्षक सोडायला आला होता. बातमी तळोज्यापर्यंत गेली आणि नव्या मालकाकडून फोन आला, सर्व ठीक आहे ना? त्यांनी त्या पत्राची प्रत पाठवून दिली. पगार पहिल्या तारखेला जमा होत होता.

परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये श्रमावर जे विश्वपत्र काढले, त्यातील मुख्य विचार असा की श्रमाचे मोल केवळ त्यातून काय निपजते यावर ठरत नाही, श्रम करणारा कोण आहे यावर ठरते. माणूस कामासाठी नाही, काम माणसासाठी आहे. सेमिनरीत हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे खाणीतील आणि गिरण्यांतील मजूर असत. बसून पगार घेणाऱ्या माणसाला हा विचार लावून पाहण्याचा प्रसंग बदलापूरने आणला. त्या गृहस्थांचे उत्पन्न एका रुपयानेही घटले नव्हते. घटले होते ते एवढेच की सकाळी कोणाला त्यांची वाट पाहावयाची नव्हती.

मालकांची बाजू मांडल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. जाणारा माणूस ग्राहकांची यादी, सूत्रे, दर नेतो ही भीती पोकळ नाही. प्रभूने सांगितलेल्या दाखल्यांपैकी आम्हांला सर्वांत अवघड वाटणारा दाखला याच भीतीचा आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील कारभारी आठवावा. धन्याच्या कानावर तक्रार गेली, त्याने हिशेब मागितला आणि कारभार काढून घेणार असल्याचे सांगितले. मधला जो थोडा काळ मिळाला, त्यात या कारभाऱ्याने ऋणकोंना बोलावून शंभर मापे तेलाचे पन्नास आणि शंभर मापे गव्हाचे ऐंशी करून टाकले. नोटिशीच्या काळात काय होऊ शकते याचे याहून नेमके वर्णन कोणत्या मनुष्यबळ विभागाला जमले नसेल! आजचा धनी असता तर त्याने त्याच दुपारी हिशेबवह्या ताब्यात घेऊन कारभाऱ्याला बागेत धाडले असते. आणि तोच कारभारी आधी मनाशी म्हणतो की आपल्याच्याने खणणे व्हावयाचे नाही. दाखल्यातील धनी शेवटी त्याचे कौतुक करतो, त्याचा अर्थ लावताना प्रवचनकार घामाघूम होतात, आम्हीही होतो. पण धन्याने त्याला तो काळ दिला होता, एवढे तरी त्यात स्पष्ट आहे.

तेव्हा ज्याच्या हाती खरोखरच गुपित आहे अशाला कराराने, पूर्ण पगाराने आणि थोड्या मुदतीसाठी दूर ठेवावे, यात आम्हांला अन्याय दिसत नाही. मात्र हल्ली हे कलम सरसकट छापले जाते. विक्री विभागातील बावीस वर्षांच्या मुलालाही तीन महिने आणि गोदामातील कारकुनालाही तीन महिने. त्यांच्याकडे कोणते हॉलंडचे तंत्र आहे? नवा मालक तीन महिने थांबत नाही. नोकरी हातची जाते. नोटिशीचे पैसे भरून लवकर सुटण्याची सोय करारात असली तरी 'कंपनीच्या मर्जीनुसार' हे शब्द शेजारीच असतात. असल्या एकतर्फी कलमांवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टच्या खटल्यात कडक प्रहार केला होता. कायम नोकराला कारण न देता तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन घालविण्याचा त्या सरकारी कंपनीचा नियम रद्द झाला. दोन बाजूंच्या ताकदीत जमीनअस्मानाचा फरक असताना दुबळ्याने केलेली सही ही खरी संमती नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. खाजगी मालकांपर्यंत त्या निकालाचा हात अजून पुरता पोचलेला नाही.

त्या गृहस्थांना दुसऱ्या महिन्यात प्रोत्साहन भत्ता कमी आला. कामावर नाही तर प्रोत्साहन कशाचे, असा सवाल. हा भत्ता दरमहा ठरलेला आणि नेमणूकपत्रात लिहिलेला होता, असे दाखविणारी दोन पत्रे त्यांनी पाठविली आणि शेवटच्या हिशेबात तो मिळाला. तो हिशेब व्हावयास जूननंतर सात आठवडे लागले. आता तसे चालणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि वेतनसंहितेनुसार राजीनामा दिलेल्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. ही तरतूद व्यवस्थापकीय नोकरांनाही आहे. दुसऱ्या बाजूला, कामगारकपातीसाठी व कारखाना बंद करण्यासाठी सरकारची आगाऊ परवानगी लागे ती पूर्वी शंभर कामगारांपासून. आता तीनशेंपासून लागते. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील किती कारखान्यांत कायमचे तीनशे कामगार आहेत, हे तेथून लोकलने परतणाऱ्या कोणालाही विचारावे.

त्याच उन्हाळ्यात उल्हासनगरच्या एक भगिनी आमच्याकडे आल्या. औषधांच्या एका कारखान्यात सहा वर्षे वेष्टनाचे काम, ठेकेदारामार्फत. एका सोमवारी फाटकावरच्या यंत्राने त्यांचे कार्ड घेतले नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, उद्यापासून नको. नोटीस नाही, बाग नाही. हंगामी व बदली कामगाराला नोटिशीचा हक्क नाही, असे आदर्श स्थायी आदेशांतच लिहिलेले असे. आणि ज्यांना वर्षभराच्या सलग सेवेने हक्क मिळू शकतो, त्यांच्या ठेकेदाराचे नावच मध्येच बदलते. या बाईंच्या सहा वर्षांत ते तीनदा बदलले होते. त्यांनी कायद्याचे काहीच विचारले नाही. मुलाच्या शाळेची फी दोन महिने थांबवावी असे मुख्याध्यापकांना पत्र हवे होते, ते आम्ही दिले. वकिलांनी त्यांचा भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागून घेतला. तिन्ही ठेकेदारांनी एकाच कारखान्याच्या कामाबद्दल वर्गणी भरली होती आणि महिन्यांत खंड नव्हता. तेवढ्या पुराव्यावर कामगार खात्याकडे अर्ज गेला आहे. तारखांना त्या एकट्या जात नाहीत. प्रयोगशाळेतील ते गृहस्थ सुट्टी काढून सोबत जातात.

राहता राहिला आमच्या घरचा प्रश्न. १९८३ च्या धर्मसभेच्या कायदेसंहितेतील १२८६ वे कलम सांगते की धर्मसभेची मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी नोकर नेमताना देशाचे कामगारविषयक कायदे काटेकोर पाळावेत आणि न्याय्य वेतन द्यावे. हे कलम महागुरूंपासून धर्मग्रामाच्या अर्थसमितीपर्यंत सर्वांवर बंधनकारक आहे. धर्मगुरूला स्वतःला नोटिशीचा काळ नसतो. बदलीचे पत्र आले की पेटी भरावयाची. त्यामुळे इतरांच्या नोटिशीची किंमत आम्हां मंडळींना सहज कळत नाही, असे आमचे निरीक्षण आहे. आमच्या धर्मग्रामात पाच जण पगारावर आहेत: सॅक्रिस्टन, दोन पहारेकरी, कचेरीतील लेखनिक आणि स्वयंपाकीण बाई. नव्या संहिता आल्यावर त्यांच्या नेमणूकपत्रांचा मसुदा पुन्हा लिहावयास घेतला. नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिना, असे घातले आणि सर्वांना वाचून दाखविले. मालकाची इच्छा असल्यास त्या महिन्यात घरी बसवून पगार देता येईल, हे वकिलांनी नेहमीच्या सवयीने घातलेले वाक्य ऐकताच बाई मध्येच बोलल्या.

"फादर, मी घरी नाही बसणार. नव्या बाईला तुमच्या पथ्याचं कोण सांगेल? महिनाभर तिच्याबरोबर चुलीशी उभी राहीन आणि मग जाईन."

ते वाक्य काढले आहे. मसुदा अर्थसमितीच्या पुढच्या सभेत येईल.